वन्सं, तुमचं मत पोचलं

उस्मानपुरा, औरंगाबाद
२२ जून १९८६

सौ. इंदुमतीबाईंस,

टपालानं मत देणाऱ्या सदस्येला निकाल कळवायचा, हे आपल्या ओपन डोअर क्लबच्या अध्यक्षेचं काम आहे आणि यंदा अध्यक्ष मी आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. नाहीतर या हातानं तुम्हाला दोन ओळीसुद्धा लिहिल्या गेल्या नसत्या. तिकडे लीड्समध्ये तुम्हाला उगाच बरं वाटायला नको, म्हणून आधीच सांगून टाकते.

फर्दापूरच्या सौ. बानाबाई देवकाते यांना सदस्य करून घ्यावं, हा ठराव दुसऱ्यांदा पडला. बाकी सगळ्यांनी ज्वारी टाकली होती. उडीद एकच निघाला. एक पुरतो हे तुम्हाला मी सांगायला नको, औरंगाबादची शाखा तुम्हीच काढलीत. ब्रसेल्सच्या हेड ऑफिसनं पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, गोट्या पोरांनी खेळाव्यात, आपण पसंतीला ज्वारी आणि नापसंतीला उडीद टाकू, झाकलेल्या तांब्यात. तेव्हा आम्हा सगळ्यांना तुमचं केवढं कौतुक वाटलं होतं.

मार्चमध्ये पहिल्यांदा ठराव पडला तेव्हा उडीद कोणाचा ते कळलं नव्हतं. एकमेकींवर संशय घेत आम्ही तीन महिने चहा प्यायलो. या वेळी मात्र कळलं. कुदसिया आपांनी, म्हणजे आपल्या सेक्रेटरीनं, नेहमीसारखं तुमचं पाकीट फोडून तांब्यावर उलटं केलं. झटकलं. काही पडेना. वाटेत हरवू नये म्हणून तुम्ही दाणा कागदाला चिकटपट्टीनं डकवला होतात. आपांनी कागद उजेडात धरला आणि सगळ्या बायकांनी तो पाहिला. आपा म्हणाल्या, "ये तो उडद है, वच्छलाबाई. इत्ती दूर से भेजी, और भेजी भी तो क्या भेजी."

विलायतेत राहून तुमचा टापटीपपणा वाढलेला दिसतो.

क्लबचं इथं संपलं. आता घरचं. क्लबच्या कागदावर घरचं लिहू नये असं म्हणतात, पण तुमच्यासाठी वेगळा कागद आणि वेगळं तिकीट लावायची माझी तयारी नाही.

वन्सं, आमच्या श्रीरंगचं लग्न कोणाशी ठरतंय हे तुमच्या भावानं तुम्हाला जानेवारीतच कळवलं होतं. नानासाहेबांनी स्वतःहून पत्र लिहिलं, यावरून तरी त्यांना किती आनंद झाला होता हे तुम्हाला समजायला हवं होतं. मंदा ही बानाबाईंची मुलगी, श्रीरंगच्याच बँकेत आहे. वडील मुंजाबा अजून मेंढरं राखतात. आई फर्दापूरच्या फाट्यावर हॉटेल चालवते आणि अजिंठ्याला येणाऱ्या आपल्या क्लबच्या परदेशी पाहुण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालते. न्यूझीलंडच्या बायका आल्या होत्या, त्यांनी त्यांच्या शाखेचा बावटा मला न देता तिला दिला. तो तिनं गल्ल्यामागं टांगला आहे आणि मी गेले की मला मुद्दाम त्याच्याखाली बसवते. अशी बाई आहे. मला ती कधीकधी सोसत नाही, पण मनानं खोटी नाही.

नानासाहेबांच्या पत्राला तुम्ही उत्तर धाडलं नाहीत. उडीद धाडलात.

काल गुलमंडीत, कापडाच्या दुकानात, दुकानदारासमोर बानाबाई मला काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "इहीनबाई, मला तुमच्या क्लबाचं लई येड हाय आसं नाय. पर जिथं तुमी खुर्चीवर बसता, तिथं मला दाराच्या आत घेत न्हाईत. मंग माझ्या लेकीला तुमच्या घरात कुठं बसवताल? तिसऱ्या बारीला मला आत घ्या. नाय घेतलं तर लगीन बी नाय."

तिसरं मतदान ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आहे. तिसऱ्यांदा पडलेलं नाव पुन्हा कधी मांडता येत नाही, हा नियमही तुम्हाला पाठ असेल. श्रीरंग दुसरी मुलगी बघणार नाही. मलाही दुसरी सून नको आहे. म्हणजे आता माझ्या मुलाचं लग्न तुमच्या चिमटीत आहे. काय ते ठरवा.

सौ. वच्छला औताडे
अध्यक्ष


२० जुलै १९८६

सौ. इंदुमतीबाईंस,

तुमचं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि त्यात मंदाचं नाव एकदाही नाही. "ती मुलगी" आहे, "ते लोक" आहेत, "आपली बरोबरी" आहे. तुमच्या शेजारी कोण राहतं हो तिकडे? तुमच्याच पत्रातून मला माहीत आहे, एका बाजूला आयरिश आणि दुसऱ्या बाजूला जमैकाचे. त्यांच्याकडे तुम्ही नाताळात केक घेऊन जाता आणि त्याचा फोटो काढून क्लबच्या मासिकाला पाठवता. मेंढरांचा वास तेवढा तुम्हाला सातासमुद्रापलीकडून आला.

बरं, बरोबरीचं लिहून तुम्ही तिथंच थांबला असतात तर निदान सरळ वैर झालं असतं. पण शेवटच्या पानावर तुम्ही लिहिता की तो उडीद नव्हताच. तुम्ही ज्वारीच पाठवली होती. पैठणकडच्या आपल्या शेतातली, खरिपाची, पावसात सापडून काळी पडलेली, गेल्या दिवाळीला आठवण म्हणून तिकडे नेलेली. आणि वर मलाच शिकवता की शहरात राहून आम्हाला धान्य ओळखू येईनासं झालंय.

काळी पडलेली ज्वारी मी दोन वर्षं खाल्ली आहे, तुमच्याच माहेरी. तुम्ही तेव्हा मुंबईच्या होस्टेलात होता. तिची भाकरी कशी लागते ते विचारा, मी सांगते.

मी तुमचं पत्र नानासाहेबांपुढं टाकलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "आसंल बी. पावसानं पडती काळी." मला असा राग आला की बोलू नये. पण मग त्या माणसाचा चेहरा बघितला. बहिणीनं ज्वारी पाठवली असावी असं त्यांना फार वाटत होतं. मग मी कुदसिया आपांकडून तो दाणा मागून आणला आणि डालड्याच्या डब्यात माती घालून लावला. म्हटलं, उगवेल त्यावरून कळेल. तुमचे भाऊ सकाळी उठून आधी त्याला पाणी घालतात, मग स्वतः चूळ भरतात.

२६ जुलै. पत्र टाकायचं थांबवलं होतं. आज कोंब वर आला. ज्वारी असती तर गवतासारखं एक पातं आलं असतं. दोन पानं आली आहेत, समोरासमोर. शेतकऱ्याच्या घरात कोणालाही विचारा.

नानासाहेब बराच वेळ डब्याजवळ उभे होते. मला म्हणाले, "तिला काय लिवू नको." म्हणून लिहिते आहे.

वच्छला औताडे


१० ऑगस्ट १९८६

इंदुमतीबाई,

परवा ओसाकाच्या शाखेचं अभिनंदनाचं कार्ड आलं. त्यावर बगळ्यांची जोडी. काल नॉर्वेहून एक आलं. मला काही उलगडेना. श्रीरंगला बढती मिळाली आणि त्यानं घरी सांगितलं नाही की काय, असं मी विचारत बसले. मग बानाबाई आली.

बानाबाई एसटीनं आली, फर्दापूरहून, हातात आपलं ब्रसेल्सचं मासिक. तिच्या हॉटेलात नेदरलँडच्या दोन सदस्या जेवल्या. क्लबची कोणीही बाई आली की बानाबाई तिच्याकडून मासिक मागून घेते, तिला फोटो बघायला आवडतात. सुट्टीला घरी आलेल्या मंदाला तिनं शेवटचं पान वाचायला लावलं. जगभरातल्या सदस्यांच्या आनंदवार्ता तिथं असतात ना. आणि त्या पोरीला आपल्या आईला वाचून दाखवावं लागलं, की लीड्सच्या मिसेस इंदुमती यांचे भाचे श्री. श्रीरंग औताडे, औरंगाबाद, यांचा विवाह त्यांच्या यजमानांच्या पुतणीशी निश्चित झाला आहे.

मंदानं आईला सांगितलं म्हणे की दुसरंच काहीतरी लिहिलंय. पण पोरीला खोटं बोलता येत नाही. तुमच्याकडे शिकायला पाठवायला हवं.

बानाबाई आमच्या ओसरीत उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही. पाणी घेतलं नाही. म्हणाली, "एकीकडं आमाला साखरपुड्याची साडी दाखवायची, आन् दुसरीकडं साऱ्या दुनियेत छापायचं. ह्या बायका जपानातून येत्यात, माझ्या हातचं खात्यात. त्यांच्याफुडं माझ्या लेकीची आब्रू गेली. मी काय म्हणू त्येस्नी?"

श्रीरंग बँकेतून आला नव्हता. तेव्हा नानासाहेब उठले. तुमचे भाऊ कधी कोणापुढं वाकलेले मी पाहिले नाहीत, तहसीलदारापुढं नाही, सावकारापुढं नाही. त्यांनी बानाबाईपुढं हात जोडले. म्हणाले, "छापणारी माजी भईन हाय. तिनं खोटं केलं. त्ये माज्या अंगावर."

"तुमी कशापायी हात जोडता, इवाई," ती म्हणाली, आणि मग खाली बसली. पण पाणी घेतलंच नाही.

मला तुमचा संताप आला आहे. यांचे जोडलेले हात आठवले की अजून रडू येतं. तुम्ही एका घरातल्या मोठ्या माणसाला वाकायला लावलंत, आणि ते कशासाठी, तर लीड्समधल्या चार बायकांपुढं तुमचं तोंड उजळ राहावं म्हणून. भाचा धनगराची मुलगी करतोय हे तिथं सांगायला लागू नये म्हणून.

मासिकाला दुरुस्ती पाठवली आहे. ती तुम्ही वाचालच. तिसऱ्या मतदानाचं तुमचं पाकीट पाठवण्याची तसदी घेऊ नका असं मी म्हणू शकत नाही, तो तुमचा हक्क आहे. पाठवा.

वच्छला


१४ सप्टेंबर १९८६

इंदुमतीबाई,

तुमचं पाकीट वेळेवर पोचलं. ते आम्ही फोडलेलं नाही. तुमच्याकडे परत पाठवते आहे. चिकटपट्टी लावली असेल तर काळजीपूर्वक काढा.

तिसरं मतदान झालंच नाही. कसं ते सांगते, कारण नियमांची तुम्हाला आवड आहे.

नियमावली घेऊन मी आणि कुदसिया आपा आठवडाभर बसलो. तुमचा हक्क काढून घेता येईल असं एकही कलम सापडलं नाही. तुम्ही सगळी दारं पक्की लावून गेला होता. आपा कंटाळून म्हणाल्या, "जाने दो. ये बताव, इंदुमतीबाई खुद कैसे मेंबर बनी? उन कू किसने वोट डाला?"

कोणीच नाही. संस्थापक सदस्यांना मतदान लागत नाही, कारण त्यांच्याआधी मत द्यायला कोणी नसतंच. ज्या गावात शाखा नाही तिथं आठ बायकांनी मिळून अर्ज करायचा आणि शाखा काढायची. तुम्ही औरंगाबादला हेच केलंत.

फर्दापूरला शाखा नाही, वन्सं. नव्हती.

ब्रसेल्सला अर्ज गेला. वर पहिलं नाव सौ. बानाबाई देवकाते, खाली आम्ही. जुन्या शाखेतून नव्या शाखेत जायला नुसती चिठ्ठी पुरते, ती आम्ही सगळ्यांनी लिहिली. एकीलाही समजवावं लागलं नाही. मासिकातली ती आनंदवार्ता सगळ्यांनी वाचली होती. मंजुरीची तार बुधवारी आली आणि काल आम्ही टेम्पोनं फर्दापूरला जाऊन पहिली बैठक घेतली, बानाबाईच्या हॉटेलात, न्यूझीलंडच्या बावट्याखाली. तिनं अध्यक्षपदाचा बिल्ला पदराच्या आत लावला. कुदसिया आपांनी विचारलं, दिसेल असा का नाही लावत. तर म्हणाली, "गिऱ्हाईक हाय आत्ता. तेल उडंल." सगळ्यांना भजी तळून वाढल्यावर तो बाहेर काढला आणि मग काही रात्रीपर्यंत झाकला नाही.

औरंगाबाद शाखेत आता तुम्ही एकट्या आहात. नियमाप्रमाणे उरलेली सदस्य तीच अध्यक्ष, तेव्हा अभिनंदन. शाखेचा शिक्का आणि बैठकीची घंटा पार्सलनं पाठवते. बैठका वेळच्या वेळी घ्या.

मला फार बरं वाटतंय हे लपवत नाही. तुम्हाला हे वाचून वाईट वाटावं अशीच माझी इच्छा आहे.

वच्छला औताडे
सदस्य, फर्दापूर


५ ऑक्टोबर १९८६

वन्सं,

तुमची तार मिळाली. बेकायदा वगैरे काही नाही, ब्रसेल्सला विचारा. पण त्यासाठी हे पत्र नाही.

आठ दिवस हे पत्र लिहायचं मी टाळते आहे. काल नानासाहेबांनी कागद आणि पेन आणून माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. म्हणून लिहिते.

आम्ही लग्नाची तारीख काढायला फर्दापूरला गेलो होतो. तुळशीचं लग्न झाल्यावर, मार्गशीर्ष लागायच्या आत, असं ठरत होतं. मुंजाबाही मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आले होते, धुतलेलं धोतर नेसून. सगळं सुरळीत चाललं होतं. मी म्हटलं, अध्यक्षीणबाई, आता तरी तुमच्या मनात काही नाही ना. ती हसली. मग म्हणाली, "हळदीला नवरदेवाची मावळण कवा येनार?"

आत्याला ते मावळण म्हणतात. तुमचं माहेरही तेच म्हणायचं, तुम्हाला आठवत असेल तर.

मी सांगितलं, मावळण येणार नाही. तिला बोलावलेलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावू?

बानाबाईनं पानाचं तबक बाजूला सारलं. म्हणाली, "आमच्यात पैली हळद मावळन लावती. तिनं नाय लावली तर हळद लागत नाय."

मी चिडले. मी म्हटलं, अहो, ज्या बाईनं तुम्हाला दोनदा बाहेर ठेवलं, तुमच्या मुलीची जगभर बदनामी केली, तिच्या हातची हळद हवी तुम्हाला? तिच्यासाठी तुम्ही अडून बसता?

"तिच्यासाठी नाय, माझ्या लेकीसाठी," ती म्हणाली. "उद्या समदे म्हनतील, धनगराची पोर आली आन् औताड्याची लेक तुटली. जलमभर त्ये माझ्या मंदीच्या कपाळावर ऱ्हाईल. तुमी हुशार बायका. एका क्लबात मला घेतलं नाय, तर तुमी दुसरा क्लब काढला. दुसरी मावळन कुठून काढताल?"

मी नानासाहेबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तिथंच मला कळलं की त्यांच्याही मनात हेच आहे आणि माझ्या धाकानं ते बोलत नव्हते.

बानाबाईनं तारीख धरली नाही. मावळणीचं पत्र आल्यावर धरू, म्हणाली. मंदा चहाचे कप घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. परतताना एसटीत श्रीरंग माझ्या शेजारी बसला होता. फुलंब्री मागं पडली. मग म्हणाला, "आई, तू आत्याला जिंकलीस ना? मग आता लिही की."

जिंकले म्हणे. तुम्ही तिकडे एकट्या अध्यक्ष होऊन बसलात, आणि लग्न अजूनही तुमच्याच चिमटीत आहे. मी एवढा खटाटोप कशासाठी केला?

वन्सं, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही तुमच्या भावाला हात जोडायला लावलेत ते मी विसरणार नाही. तुम्हाला माझा राग आला असेल तर तोही तुम्ही बरोबर घेऊन या, मला चालेल. तुमच्याशी गोड बोलायचा आव मी आणणार नाही, आणि तुम्ही आणलात तर मला ओळखू येईल. स्टेशनवर नानासाहेब येतील. तुमची खोली त्यांनीच झाडून ठेवली आहे, मी नाही. मंदाला तुम्ही तिच्या नावानं हाक मारायची आहे. बाकी काही मागणं नाही.

या पत्रात विनंती शोधू नका, मी ती लिहिलेली नाही. दोनदा लिहिली आणि फाडली.

तुम्ही आलात तर मला चार दिवस तुमचं तोंड बघावं लागेल. आला नाहीत तर माझ्या मुलाचं लग्न होणार नाही. म्हणून म्हणते, या.

वच्छला